‘हो’ म्हणायचे त्रेचाळीस प्रकार

आमच्या घरात ‘हो’ म्हणायची पद्धत नव्हती.

‘नको’ मात्र मुबलक होतं. दिवा आणि डोंबिवली यांच्या मधे, खाडीच्या काठावर आमचं गाव. बाबा मिठागरात फावडं ओढायचे, आये डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहायची, आणि संध्याकाळी आम्ही पाच माणसं एका टोपातली पेज अशी वाटून घ्यायचो की पहिल्या दोघांना तांदूळ मिळायचा आणि उरलेल्या तिघांना त्याचं पाणी. अशा गावात कोणाच्या दारी गेलं आणि घरच्या बाईनं “जेवतंस का रं?” म्हणून विचारलं, तर “नको, आताच जेवून आलो” हे उत्तर ठरलेलं. विचारणारी जेवलेली नसायची आणि नको म्हणणाराही नसायचा. दोघांनाही ते पक्कं ठाऊक असायचं. मग तिनं दुसऱ्यांदा विचारायचं, आपण दुसऱ्यांदा नको म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं तर मात्र समजायचं की या घरात आज खरंच काहीतरी शिजलंय. मग “बरं, एवढंसं दे” म्हणून बसायचं. (एवढंसं म्हणजे टोप पुसेपर्यंत.)

अशा घरातून मी बी.ए. झालो. इंग्रजी घेऊन. आसपासच्या पाच गावांत पहिला. हे इथेच सांगून टाकतो, कारण पुढची हकीकत वाचून झाल्यावर ते सांगायला मला तोंड राहणार नाही.

‘नको’ची पहिली ठेच मला मुंबईत लागली. कॉलेजात पीटर नावाचा माझा एक मित्र होता, वांद्र्याचा. एकदा तो मला घरी घेऊन गेला. त्याच्या आईनं माशाच्या कटलेटांची बशी माझ्यापुढे धरली. मी सकाळपासून एका चहावर होतो. तरी रीतीप्रमाणे मी म्हणालो, “नो, थँक यू.”

“ओके,” असं म्हणून ती माउली बशी घेऊन पीटरकडे वळली.

मला वाटलं, आता दुसऱ्यांदा विचारतील. मग वाटलं, पीटरचं झालं की विचारतील. पीटरनं सहा कटलेट खाल्ली आणि सहाही वेळा मी मोजली. मग ती बशी धुतली जात असल्याचा आवाज आला.

त्याच आठवड्यात आमच्या प्रोफेसरांनी वर्गात सांगितलं, की एखादी गोष्ट आनंदानं पत्करायला इंग्रजीत जितके शब्द आहेत तितके क्वचितच कुठे असतील. मी ते मनावर घेतलं. एक वही घातली आणि डिक्शनरी घेऊन बसलो. ‘विथ प्लेझर’ हा त्यातला सगळ्यात सभ्य. ‘जंप ॲट’ म्हणजे पुढ्यात आलेल्या गोष्टीवर झेप घेणं. ‘लॅप अप’ म्हणजे मांजर बशीतलं दूध संपवतं तसं. ‘विथ ओपन आर्म्स’ म्हणजे हात पसरून मिठी मारायला निघाल्यासारखं. ‘लिक वन्स लिप्स’ म्हणजे ओठ चाटणं आणि ‘लिक वन्स चॉप्स’ म्हणजे अख्खा जबडाच चाटणं. (हे माणसानं करायचं की कुत्र्यानं, याचा खुलासा डिक्शनरीत नव्हता.) ‘विथ रेलिश’ म्हणजे मिटक्या मारत, ‘विथ गस्टो’ म्हणजे अगदी दणक्यात, ‘टु वन्स हार्ट्स कंटेंट’ म्हणजे मन भरेपर्यंत, असं करत करत एकूण त्रेचाळीस प्रकार भरले. ज्यांच्याकडे ‘हो’ म्हणायचे त्रेचाळीस प्रकार आहेत त्यांनी दीडशे वर्षं राज्य केलं, आणि ज्यांच्याकडे एक ‘नको’ आहे ते मिठागरात फावडं ओढतायत, असा सिद्धान्त मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून खाली सही केली.

बी.ए. होऊन वर्ष गेलं तरी नोकरी लागेना. घरात मी म्हणजे चष्मा लावलेलं एक जास्तीचं तोंड होतो. त्यात बाबांच्या पायाला फावड्याचं पातं लागून झालेली जखम मिठाच्या पाण्यानं भरतच नव्हती. मिठागराच्या मालकानं सांगून टाकलं होतं, “पुढच्या हंगामाला दुसरा माणूस बघेन.” म्हणजे जूनच्या आत मला काहीतरी मिळायलाच हवं होतं. नाहीतर पेज वाटायला टोपाचीही गरज उरली नसती.

अशा वेळी कल्याणच्या एका हायस्कुलात इंग्रजीच्या मास्तरांची जागा निघाली. शाळेच्या कमिटीचे चेअरमन आप्पासाहेब खासनीस, निवृत्त मामलेदार. त्यांच्या घरी ओटीवर माझी मुलाखत झाली. सुधारक मताचा माणूस. आमच्यासारख्याला त्यांनी शेजारी खुर्चीवर बसवलं, हेच तेव्हा केवढं होतं. माझं इंग्रजी ऐकून ते खूश झाले. म्हणाले, “कमिटीत माझा शब्द चालतो. पण जरा विचार करू दे. घरी कोण कोण असतं तुमच्या? एकदा घेऊन या सगळ्यांना, जेवायलाच या.”

हे वाक्य ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या प्रत्येक ओटीवरून दिवसातून चार वेळा बोललं जायचं. त्याला उत्तर असायचं, “येऊ की, येऊ एकदा.” मग कोणीही कुठेही जायचं नाही आणि दोन्ही घरं सुखी राहायची.

“विथ ग्रेट प्लेझर,” मी म्हणालो. “येत्या रविवारी येतो.”

आप्पासाहेबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला.

“रविवारी?” ते म्हणाले. “हो, हो. या की. किती मंडळी असाल साधारण?”

“आपण सगळ्यांना म्हणालात ना!”

“म्हणालो खरा,” आप्पासाहेब म्हणाले.

घरी आल्याबरोबर मी फर्मान काढलं. रविवारी आप्पासाहेबांच्या घरात कोणीही ‘नको’ हा शब्द उच्चारायचा नाही. काही विचारलं की पहिल्या झटक्यात ‘विथ प्लेझर’. त्रेचाळीसपैकी एवढा एकच सगळ्यांना झेपण्यासारखा होता. गुरुवारपासून अंगणात तालीम सुरू झाली. मी आप्पासाहेब व्हायचो, रिकामी बशी पुढे करायचो आणि विचारायचो, “आणखी घेणार का?”

“विथ प्लेझर!” बाबा ओरडायचे.

बाबांना हा धडा इतका आवडला की दुसऱ्या दिवशी मिठागरात मालकानं “दोन पाट्या जास्ती टाकतोस का?” विचारल्यावरही ते तेच म्हणाले. पन्नास वर्षं माणूस नको नको करत आला होता. त्याला ही नवी रीत म्हणजे बंद नाकातली चोंदण सुटावी तशी वाटली. आमची आत्या विधवा, आमच्याकडेच असायची. तिनं तर एका संध्याकाळीत धडा पाठ केला आणि झोपेतही एकदा म्हणून दाखवला. धाकटी बहीण जनी दहा वर्षांची. तिला शिकवावंच लागलं नाही, लहान मुलांना ते उपजत येतं.

आये तेवढी ऐकेना.

“एकदा इचारल्यावर लगेच हो बोलायचं?” ती म्हणाली. “लोक बोलतील, घरी खाल्लं नाय का यांनी.”

“आये, ते शिकलेले लोक आहेत. त्यांना नको म्हणणं म्हणजे अडाणीपणा वाटतो.”

“अरं पन इचारनाऱ्याच्या घरात हाय का नाय, आपल्याला काय म्हाईत? म्हनून पयला नको बोलायचं असतं.”

“मामलेदाराच्या घरात नसेल होय?”

“तू बी.ए. हायस,” आये म्हणाली. “तुला म्हाईत.” आणि ती बोंबील उलटायला गेली. नंतर मी तिच्याकडून कसंबसं वदवून घेतलं, की निदान ‘नको’ तरी म्हणणार नाही.

रविवारी आम्ही मीठ वाहायच्या मचव्यातून निघालो. बाबांच्या ओळखीचा तांडेल होता. भरतीचं पाणी थेट कल्याणच्या बंदरापर्यंत नेऊन सोडायचं. आम्ही घरचे पाच आणि ‘सगळे’ या शब्दाला जागून चुलत्याकडचे सहा, असे अकरा जण धुतलेल्या कपड्यांत आप्पासाहेबांच्या दारात उभे राहिलो. खासनीसकाकूंनी दार उघडलं. त्यांची नजर आमच्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरली. ओठ हलत होते. मला वाटलं, देवाचं काही म्हणतायत. त्या मोजत होत्या.

“या, या,” आप्पासाहेब आतून म्हणाले आणि मग आम्हाला बघून पुन्हा एकदा म्हणाले, “या.”

पहिला चहा आला. काकूंनी रीतीप्रमाणे विचारलं, “साखर बरोबर आहे ना?”

“आनी दोन चमचे,” बाबा म्हणाले. “विथ प्लेझर!”

आप्पासाहेब खळखळून हसले. “वा! म्हात्रे, तुमच्या वडलांना इंग्रजी येतं की!”

झालं. बाबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आत्या म्हणाली, “मना पन.” चुलत्याकडच्या सहाही जणांनी कप पुढे केले. मी कोपऱ्यात बसून कौतुकानं बघत होतो. आमची माणसं आज प्रथमच एका भल्या घरात ताठ मानेनं मागत होती. (मागत होती, हे खरं. मान ताठ होती, हेही खरं. फक्त या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हा माझा शोध होता.)

मग पोहे आले आणि गेले. मग पानं मांडली. काकू आणि त्यांची मुलगी सुमन वाढत होत्या. पोळ्या, वरणभात, मटकीची उसळ आणि शिरा.

“आणखी पोळी?”

“विथ प्लेझर.”

“शिरा वाढू का थोडा?”

“विथ प्लेझर.”

“थोडा की...?” सुमननं विचारलं.

“थोडा नाय,” जनी म्हणाली.

तिसऱ्या वाढीला सुमननं आईकडे पाहिलं. आईनं भिंतीकडे पाहिलं. ते माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं, पण त्याचा अर्थ मी लावला तो असा की, केवढं हे आदरातिथ्य, एकमेकींशी बोलावंसुद्धा लागत नाही यांना.

आत्यानं लिंबाच्या लोणच्याची तारीफ केली. काकू म्हणाल्या, “आवडलं का? न्या की घरी.” हेही ओटीवरच्या त्या वाक्यासारखंच वाक्य. आत्यानं “विथ प्लेझर” म्हणून हात धुतले, फडताळातून बरणी उचलली आणि पदराखाली घेऊन बसली. वाटीभर लोणचं नव्हे. बरणी.

जेवणं झाल्यावर आप्पासाहेब म्हणाले, “पडा हवं तर जरा.” बाबा उठले आणि थेट आप्पासाहेबांच्या आरामखुर्चीत आडवे झाले. मामलेदार साहेब स्वतःच्या घरात खांबाला टेकून उभे राहिले. मिनिटभरात बाबा घोरू लागले. तेही विथ गस्टो.

आता निघायला हवं, हे मलाही कळत होतं. पण चुलता बंदरावर जाऊन आला आणि म्हणाला, “पानी उतरलं. मचवा चिखलात बसलाय. भरती येऊन उचलाला दिवेलागन व्हईल.”

“हात्तिच्या,” आप्पासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता. “मग... दुपारचा चहा घेऊनच जा.”

अकरा नव्हे, दहा तोंडांतून, झोपेतल्या बाबांच्याही, एकदम ‘विथ प्लेझर’ निघालं. ओटीवरचं कबूतर उडालं. आये तेवढी गप्प होती. सकाळपासून ती एक अक्षर बोलली नव्हती. नको म्हणायला मी बंदी घातली होती आणि हो म्हणायला तिची जीभ वळत नव्हती. पानात पहिल्यांदा पडलं तेवढंच तिनं खाल्लं होतं, आणि चहाचा कप तसाच जनीपुढे सरकवला होता.

मी हात-तोंड धुवायला मागच्या पडवीत गेलो. स्वयंपाकघराचं दार अर्धवट उघडं होतं. काकूंनी पत्र्याचा एक डबा भांड्यावर उपडा धरला होता आणि बुडावर बोटांनी टकटक करत होत्या. स्वातंत्र्य येऊन चार वर्षं झाली होती, साखर मात्र अजून रेशनच्या कार्डावरच यायची. डब्यातून चिमूटभर काहीतरी पडलं. तेवढ्यात मागच्या दारानं सुमन आली. तिच्या हातात वाटी होती.

“त्यांचीही संपत आलीय म्हणे,” ती हळूच म्हणाली. “एवढीच दिली. पलीकडच्यांना विचारू?”

“नको गं. सकाळपासून तीन घरं झाली. गल्लीभर होईल.” काकूंनी वाटी घेतली. “तुझ्या वडलांच्या कपात घालू नकोस. आपल्या दोघींचा चहा तर टाकूच नकोस. कणीक राहिलीय का?”

“नाही. भात आहे थोडा. तळाचा.”

“पुरेल आपल्याला,” काकू म्हणाल्या.

म्हणजे त्या दोघी जेवल्याही नव्हत्या. आणि मी त्यांच्या पुढ्यात शिऱ्याच्या चार वाढी घेतल्या होत्या, वर सुमनला ‘डिलिशस’ म्हणालो होतो.

मी तसाच मागे सरलो. आये जे अंगणात बोंबील उलटायला जाताना बोलली होती ते मला तिथे, त्या पडवीत, ओल्या हातांनी समजलं. पाच गावांत पहिला बी.ए.!

मी धावत ओटीवर आलो. सुमन चहाचं तबक घेऊन माझ्या मागोमागच आली.

“नको,” मी म्हणालो. “चहा नको. कोणालाच नको. आत्ताच झालाय.”

बाबा जागे झाले.

“काय रं?” ते म्हणाले. “चार दिस आमाला शिकवलंस आनि आता सोताच इसरलास?”

“बाबा, खरंच नको.”

“तसं बोलनं अडानीपना असतो,” बाबांनी आप्पासाहेबांना समजावून सांगितलं. “हाच बोलला आमाला. पोर लाजतंय, तुमी द्या.” आणि तबकातले दोन कप उचलून त्यांनी एक माझ्या हातात कोंबला.

मी आत्याला डोळ्यांनी खुणावलं. तिला वाटलं, मी बिस्किटांबद्दल विचारतोय. ती म्हणाली, “नाय दिली आजून.” सुमन वळून आत गेली. मी जमिनीकडे पाहू लागलो. जमीन शेणानं सारवलेली, पोटात घेण्यासारखी मुळीच नव्हती.

तो चहा मी प्यायलो. त्यातली साखर कोणाच्या घरची होती, कोणास ठाऊक. इतका कडू चहा मी आजवर प्यायलेलो नाही.

कप खाली ठेवून आप्पासाहेबांनी घसा खाकरला. “बरं का म्हात्रे, आता कामाचं बोलू. मी ठरवलंय. जूनपासून शाळेत या. आठवी ते दहावीचं इंग्रजी. कमिटीला मी सांगतो.” त्यांनी डेस्कावरचा कागद पुढे ओढला, फाउंटनपेनचं टोपण काढलं. “पत्करता ना?”

याच वाक्यासाठी मी चार वर्षं वही भरली होती. जंप ॲट. विथ ओपन आर्म्स. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस रांगेत उभे होते. पण माझ्या डोळ्यांपुढे तो उपडा डबा होता. ज्यांची महिन्याची साखर आपण संपवली, त्यांच्याकडून वर नोकरीही घ्यायची?

“नको, आप्पासाहेब,” मी म्हणालो.

ते शरमेनं आलं की लहानपणच्या सवयीनं, हे मला आजही सांगता येत नाही. कारण म्हटल्याबरोबर मी मनातल्या मनात त्यांच्या दुसऱ्या विचारण्याची वाट बघू लागलो होतो.

आप्पासाहेबांनी पुढे ओढलेला कागद मागे सारला.

“बरं,” ते म्हणाले. “एक सांगतो. आमच्याकडे माणसं मनात एक ठेवतात आणि बोलतात दुसरं. तुमच्या घरची मंडळी मनात असेल तेच बोलतात, हे मी सकाळपासून बघतोय. हो तर हो. मला त्याचं कौतुक वाटलं. तेव्हा तुमचं नको म्हणजे नको. मी आग्रह करून तुमचा अपमान करणार नाही. भिवंडीचे एक अर्जदार आहेत, त्यांना कळवतो.”

आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

माझ्या कानांत गरम वाफ गेल्यासारखं झालं. दिवसभरात आमच्या घराण्यानं एकच गोष्ट नाकारली होती, आणि ती म्हणजे नोकरी! बाबा एकदा माझ्याकडे, एकदा आप्पासाहेबांकडे बघत होते. त्यांचा चिंधी बांधलेला पाय आरामखुर्चीच्या दांडीवर तसाच होता. चुलता म्हणाला, “काय झालं? दिली का नाय?”

“विथ प्लेझर.”

सगळ्यांनी माना वळवल्या. आये बोलली होती. दारापाशी, भिंतीला टेकून, पदर डोक्यावर घेऊन.

“काय म्हणालात?” आप्पासाहेबांनी विचारलं.

“नोकरी. घेतली त्यानं,” आये म्हणाली. “विथ प्लेझर.”

“पण तो नको म्हणतोय.”

“तो येडा हाय. बी.ए. हाय, पन येडा हाय. सायेब, आमच्याकडं पयला नको बोलतात. दुसऱ्या येलेलाही नको बोलतात. तिसऱ्या येलेला घेतात. तुमी एकदाच इचारलंत. आजून दोन येला इचारा.”

आप्पासाहेबांच्या मिशा हलल्या. पण मामलेदारकी केलेला माणूस, चेहरा सरळ ठेवला. त्यांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

“म्हात्रे, नोकरी पत्करता?”

मी गप्प.

“हा दुसरा नको झाला,” आयेनं सांगितलं. “आता इचारा.”

“म्हात्रे,” आप्पासाहेब म्हणाले, “नोकरी पत्करता?”

मी मान हलवली. त्रेचाळीसपैकी एकही तोंडात आला नाही. नाकातून मात्र पाणी आलं, आणि ते पुसायला जनीनं मला तिच्या परकराचं टोक दिलं.

कागदावर सही झाली. तोवर आये उठून आत गेली होती. मी निरोप घ्यायला स्वयंपाकघरात डोकावलो, तर ती खाली बसून अकरा माणसांची खरकटी भांडी घासत होती, आणि काकू तिला “अहो, राहू द्या, राहू द्या” म्हणत होत्या. आये हात थांबवत नव्हती. “तुमी दोघी आधी जेवा,” एवढंच ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “आत्याला बोलव. बरनी ठेवायला सांग.”

बंदराकडे चालताना मी तिला विचारलं, “तुला कधी कळलं, साखर संपलीय ते?”

“पयल्या चहाला. ती पोरगी मागच्या दारानं वाटी घेऊन गेली तवा.”

“मग तेव्हाच बोलली का नाहीस?”

“काय बोलू? नको बोलायचं नाय, असं तूच बोलला होतास.”

पुढे कार्डावर साखर आली तेव्हा आयेनं घरात एक चिमूटही ठेवली नाही. सगळी पुडी घेऊन ती कल्याणला गेली. काकू घेईनात, तर आये त्यांच्या उंबऱ्यातच बसून राहिली. दुपारी आप्पासाहेब बाहेरून आले, त्यांना आत जायला वाट नव्हती. शेवटी त्यांनीच काकूंना सांगितलं, “घे गं बाई. यांच्या घरचं कोणी एकदा ठरवलं की हलत नाही.” आम्ही महिनाभर गुळाचा चहा प्यायलो. कोणी कुरकुर केली नाही. कुरकुर करायची असेल तर आपल्या बी.ए.कडे बघून करा, असं आयेनं सांगून ठेवलं होतं. आणि खरं सांगायचं तर सगळेच माझ्याकडे बघत होते.

त्या शाळेत मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. बाबांनी पुढच्या हंगामाला फावडं धरलं नाही, आणि पावसाळा सरता सरता त्यांचा पाय भरला. जनी मॅट्रिक झाली आणि कल्याणातच नर्स झाली. खाडीकाठच्या आमच्या घरावर कौलं आली. हे सगळं माझ्या नोकरीनं झालं, असं मी पुष्कळ वर्षं लोकांना सांगत असे. पण गावात कोणी आयेला विचारलं, “तुझ्या पोराला मास्तरकी मिलाली कशी गं?” तर ती हातातलं काम न थांबवता सांगायची, “नोकरी मी घेतली. तो निस्ता करायला जातंय.”